कारवानी: दिसायलाही आणि पळायलाही (पैदाशीच्या नोंदी)

२० ऑगस्ट २०२३
वहीत लिहीत होतो तेच इथे टाकतोय, कुणी कारवानी कुत्र्यांची (सडपातळ, पळणारी देशी शिकारी जात) पैदास करत असेल तर माझे पैसे गेले तिथे त्याचे जाऊ नयेत म्हणून. सांगोल्याजवळ मोटार रिवाईंडिंगचं दुकान आहे, घरी रंभा आहे, कारवानी मादी, वय तीन वर्षं, खांद्याला साडेपंचवीस इंच, फिक्कट बदामी. आमच्यात तात्या, म्हणजे चुलते, चाळीस वर्षं कारवानी पाळतायत. त्यांच्या काळात कुत्रं चांगलं की वाईट हे ससा ठरवायचा. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणं गुन्हा आहे आणि तो मी करणार नाही, हे आधीच सांगतो, त्यावरून मेसेज करू नका. पण मग प्रश्न असा पडतो की पळणं तपासायचं कसं? सध्या काय चाललंय तर डॉग शोवाले रिंगमधलं दिसणं बघून जोड लावतात आणि खेड्यातले शर्यतवाले वेगासाठी परदेशी ग्रेहाऊंडचं रक्त घालतात, तीन पिढ्यांनी ना धड कारवानी राहतं ना धड ग्रेहाऊंड. मला दोन्ही एकात पाहिजे. मेव्हणा म्हणतो या जातीचं नाव मुधोळ आहे (कर्नाटकातल्या मुधोळवरून), कारवानी नाही, पोस्टाने २००५ ला तिकीट काढलं ते मुधोळचंच. त्या वादात पडत नाही.

१० सप्टेंबर २०२३
नर ठरवायला तीन रविवार गेले. एक नर जतकडचा, मेंढरामागचा, धूळ खाल्लेला, कानाला फाटकं. दुसरा पुण्याकडचा, शोमध्ये जिंकलेला, फोटो बघितला तर कॅलेंडरवर लावावा असा. छाती कोपरापर्यंत खोल, मान लांब, पोट वर ओढलेलं. मी दुसरा घेतला. तात्या फोटो बघून एवढंच म्हणाले, "उभा आहे तो. चालतो कसा बघितलं का?" नव्हतं बघितलं, व्हिडिओ मागवला तोही उभ्याचाच आला. तरी हो म्हणालो. ही चूक नंबर एक आणि पुढचं सगळं त्यातूनच निघालंय.

१५ ऑक्टोबर २०२३
रंभा ३ तारखेला माजावर आली. आधी लोकं दिवस मोजून, अकरावा-तेरावा असं धरून नर लावायचे आणि मग मादी गाभण राहिली नाही म्हणून नराला नावं ठेवायचे. डॉक्टर म्हणाले रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हार्मोन बघ. माणसांच्याच लॅबमध्ये होतं, सातशे रुपये एका वेळेला. ११ ला १.४ आलं, १३ ला २.६, आज ५.८. पाचच्या आसपास गेलं की बीज सुटलं असं धरायचं, पण बीज पिकायला अजून दोन दिवस लागतात, म्हणजे १७ आणि १९ ला लावायचं. लॅबवाल्या पोराने फॉर्मवर "नाव: रंभा, वय: ३" लिहिलं आणि रिपोर्टवर नॉर्मल रेंज बायकांची छापून आली, घरात आठवडाभर हसणं चालू होतं.

२० ऑक्टोबर २०२३
दोन्ही दिवस लागली. फी पंधरा हजार, गाडीचं डिझेल, लॉज, जेवण मिळून साडेसहा हजार. नर पहिल्यांदाच समोर बघितला, फरशीच्या ओट्यावर ठेवलेला असतो, रोज अर्धा तास पट्टा धरून रस्त्यावर फिरवतात. मोकळा कधी सोडलाय का विचारलं तर म्हणाले, छे, पळून जाईल ना.

१७ डिसेंबर २०२३
बीज सुटल्यापासून त्रेसष्ट दिवस धरले होते, बरोबर आजच व्याली. काल संध्याकाळी तापमान १०१ वरून ९८.६ ला उतरलं तेव्हाच कळलं की चोवीस तासांत होणार, ज्यांच्याकडे थर्मामीटर नाही त्यांनी तो आधी घ्या, दीडशे रुपयाची वस्तू आहे. सात पिल्लं, एक मेलेलं आलं. थंडी बरीच होती, पहिल्या आठवड्यात पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही म्हणून पेटीवर शंभरचा पिवळा बल्ब टांगला आणि लाईट गेली तर काय म्हणून दुकानातली इन्व्हर्टरची बॅटरी आणली. रात्री दोनला गेलीच लाईट.

३ फेब्रुवारी २०२४
मध्ये लिहिलं नाही कारण लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो. २२ जानेवारीला एक पिल्लू ओकलं, दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण. पार्व्हो, पिल्लांचा जीवघेणा विषाणूचा आजार. लस सहाव्या आठवड्याला द्यायची म्हणून २८ तारीख लिहून ठेवली होती, रोग पाचव्यातच आला. बघायला येणारी गिऱ्हाईकं चपला घालून पेटीपर्यंत येत होती, मी चहा पाजत होतो. आणि मी रोज फिनाईलने ओटा धूत होतो ना, त्याचा पार्व्होवर काही उपयोग नाही हे डॉक्टरांनी आता सांगितलं. घरात कपड्याला असतं ते ब्लीच, एक भाग ब्लीचला तीस भाग पाणी, दहा मिनिटं तसंच ओलं ठेवायचं, मग धुवायचं. मातीत तर हा विषाणू महिनोन् महिने राहतो. सलाईन, इंजेक्शनं, रात्रीची जागरणं, ९,४०० रुपये. दोन गेली. चार राहिली: हिरा आणि वादळ हे नर, मैना आणि टिकली माद्या.

११ फेब्रुवारी २०२४
आठ आठवडे पूर्ण. त्याआधी विकायचं नाही असा कुत्र्यांच्या पैदाशीचा २०१७ चा नियमच आहे आणि तसंही सातव्या आठवड्यापर्यंत भावंडांत चावा काढत राहिलेलं पिल्लू नंतर शहाणं निघतं. आता निवड. हिरा म्हणजे बापाची झेरॉक्स, टेबलावर उभा केला की हलत नाही. मैना आईवर. वादळ ठीक. टिकली बारकी, छातीवर पांढरा ठिपका, एक दाढ उशिरा आलेली, तिच्याकडे कुणी दोनदा बघेना. हिरा आणि मैना ठेवले. वादळ बार्शीकडे गेला. टिकली एका मेंढपाळाला दिली आठ हजारात, माणदेशातला माणूस, तो हिरा-मैनाकडे न बघता पेटीसमोर दहा मिनिटं उकिडवा बसला, मग काठीला चिंधी बांधून फिरवली आणि म्हणाला, "ही द्या पावनं." बाकी तिघं चिंधी थांबली की थांबायची, ही ती कुठे निघालीये तिकडे आधी जाऊन बसायची. मी बघितलं होतं हे. बघूनही दिली, कारण पांढरा ठिपका.

७ जुलै २०२४
आता पळणं तपासायचं यंत्र. अमेरिकेत कूनहाऊंड (वासावर माग काढणारी शिकारी कुत्री) पाळणाऱ्यांचं वाचलं, ट्रीइंग वॉकर, ब्लूटिक वगैरे जाती. त्यांच्याकडे रात्रीच्या स्पर्धा असतात, कुत्र्याने रकूनचा (झाडावर चढणारा छोटा प्राणी) माग काढायचा, त्याला झाडावर चढवायचं आणि खाली उभं राहून भुंकायचं. प्राणी मारत नाहीत, भुंकण्याचे आणि झाड धरण्याचे गुण. या स्पर्धा घेणारीच संस्था दिसण्याचाही शो घेते, आणि दोन्हीकडे किताब मिळवणाऱ्याला ड्युअल चॅम्पियन म्हणतात. म्हणजे मला जे पाहिजे त्याला तिकडे नाव पण आहे. आपली कुत्री वासावर नाही, नजरेवर पळणारी, त्यांच्यासाठी दोरीला प्लास्टिकची पिशवी बांधून पुलींवरून ओढतात, पिशवी म्हणजे ससा. हे तर मला जमणारं काम आहे म्हटलं, दिवसभर मोटारीच भरतो.

१४ जुलै २०२४
एक एचपीची जुनी मोटर, १४४० आरपीएम. शाफ्टला सायकलची रिम बसवली कारण ती घरात होती. सुरू केली, रिमने वेग धरायला जरा वेळ घेतला आणि मग पिशवी दिसलीच नाही, थेट दोरी तुटून शेजाऱ्याच्या डाळिंबात. नंतर कागदावर मांडलं (आधी मांडायला पाहिजे होतं): सेकंदाला चोवीस फेऱ्या, रिमचा घेर जवळपास एक मीटर ऐंशी, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटर. ससा नाही, बुलेट ट्रेन. वीस सेंटिमीटरचं नायलॉनचं चाक खराद करून घेतलं, घेर त्रेसष्ट सेंटिमीटर, ताशी चोपन्न. आता बरोबर. चाकाचे साडेचारशे.

२८ जुलै २०२४
नवी भानगड. माळावर लाईट कुठून आणणार? शेतीची लाईट या आठवड्यात रात्री साडेअकराला आहे. मोटर काढली, भंगारातून गाडीचा स्टार्टर आणला अठराशेला आणि ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. स्टार्टर म्हणजे काही सेकंदांसाठी बनवलेली वस्तू, सलग मिनिटभर चालवला की भाजी परतावी इतका तापतो, म्हणून एक राऊंड पळवला की वीस मिनिटं थांबायचं. कुत्र्यालाही तेवढी विश्रांती लागतेच. बटण हॉर्नचं लावलंय, दाबून धरलं तरच चालतं, हात सोडला की बंद. असंच लावा, चालू-बंदवालं बटण लावू नका, का ते खाली आहे.

११ ऑगस्ट २०२४
चालू-बंदवालं बटण पहिल्या दिवशी मीच लावलं होतं. रंभाने पिशवी पकडली, दोरी मागच्या पायाला अडकली आणि मला बटण सापडेपर्यंत दोन सेकंद दोरी फिरत होती. घोट्याच्या वर चार बोटं कातडं सोललं, भाजल्यासारखं. टाके नाही पडले पण पाच आठवडे बसून राहावं लागणार. ह्यांची कातडी पातळ, अंगावर चरबी नाही, साधा बांधावरचा काटा पण फाडतो. जाता जाता सांगतो, अशा सडपातळ कुत्र्यांना भूल देताना डॉक्टरला आठवण करून द्या, जुनी थायोपेंटोनवाली भूल यांना उतरायला फार वेळ घेते. आमचे डॉक्टर स्वतःच म्हणाले, मला सांगायची वेळ आली नाही.

८ सप्टेंबर २०२४
रंभा परत माजावर आली, अकरा महिन्यांनी. लावली नाही. पाय आत्ता भरलाय, आणि हिरा-मैना पळून बघितल्याशिवाय दुसरी वीण कुठल्या नराची करायची हेच माहीत नाही. घरात हे पटवायला त्रास झाला, "सहा पिल्लं म्हणजे साठ हजार" असा हिशोब बायकोने मांडला, आणि तो चूक नव्हता.

२४ नोव्हेंबर २०२४
हिरा पहिल्या शोला नेला. अकरा महिन्यांचा, अठ्ठावीस इंच, एकोणतीस किलो. वयोगटात पहिला. जजने पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, जाऊन-येऊन चालवला आणि चांगलं बोलले. कप मिळाला, फोटो काढले, स्टेटसला टाकला. तीन लोकांनी नर म्हणून मागणी घातली, एकाने दहा हजार फी बोलली. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला वाटलं पुण्याचा नर घेतला ते बरोबर होतं.

३० डिसेंबर २०२४
खंडोबाच्या माळेगाव यात्रेला जाऊन आलो, नांदेडकडे. तिथे घोडे, गाढवं, कुत्री, कोंबड्या, सगळ्याचा बाजार आणि प्रदर्शन. हिराला घेऊन गेलो होतो, मिरवायला म्हणा. एक म्हातारा आला, पागोटंवाला, डोकं नाही बघितलं, छाती नाही बघितली, खाली वाकून पुढचा पंजा उचलला, बोटं दाबली आणि सोडून दिला. म्हणाला, "पंजा उघडा हाय. ढेकळात फाटंल." आणि पुढच्या कुत्र्याकडे गेला. मी बघितलं तर खरंच, हिराची बोटं पसरलेली, उभा असताना ओल्या फरशीवर पडलेल्या ठशात बोटाबोटांत फट. रंभाचा ठसा सशासारखा लांबट, आवळलेला. सव्वा वर्ष इंच मोजतोय आणि पंजा एकदाही उचलला नव्हता.

५ जानेवारी २०२५
पहिली खरी चाचणी. वर्षाच्या आत लांब पळवायचं नाही, हाडांची टोकं भरलेली नसतात, म्हणून एवढं थांबलो. पाचशे मीटर, पाच वळणं, अर्धं मुरमाड माळ, अर्धं नांगरून पडलेलं रान. गुणपत्रिका तिकडच्या पिशवी-शर्यतीवाल्यांचीच घेतली: उत्साह १५, माग धरणं १५, वेग २५, वळण २५, दम २०. मी, तात्या आणि डॉक्टरांचा कंपाऊंडर, तिघांची सरासरी.

रंभा: १४, १४, २०, २२, १७. एकूण ८७.
मैना: ७८.
हिरा: १३, १२, २०, ११, ९. एकूण ६५.

हिराचं सांगतो. सुटला तर डोळ्यात पाणी येईल असा, पहिले दोनशे मीटर रंभाच्या बरोबरीने. मग पहिलं वळण. पिशवी डावीकडे गेली आणि हा सरळ पंधरा-वीस पावलं पुढे जाऊन मग वळला, मागचा भाग बाहेर फेकला गेला. तात्यांनी नंतर त्याला उभा करून खांद्याचं हाड दाखवलं, उभट आहे, पुढचा पाय लांब पडत नाही, आणि मागच्या पायांचा कोन इतका जास्त आहे की उभा असताना राजबिंडा दिसतो पण वळताना ते मागचे पाय कुठे ठेवायचे त्यालाच कळत नाही. साडेतीनशेला थांबला. उजव्या पंजाची गादी फाटली होती. म्हातारा आठवला.

१६ फेब्रुवारी २०२५
टिकलीच्या मालकाला फोन केला, सहज, कशी आहे म्हणून. घेऊन आला टेम्पोतून, मेंढरं जवळच बसली होती कुणाच्या तरी रानात खतासाठी. चोवीस इंच. अंगावर गोचिडाचे डाग, कानाला चावा. पिशवी आयुष्यात बघितली नव्हती. सोडली. दुसऱ्या वळणाला तिने पिशवी पकडलीच असती, मी घाबरून बटण दाबून धरलं म्हणून पिशवी वाचली. १५, १३, २१, २३, १९. एकूण ९१. मालक विडी ओढत म्हणाला, "मी तवाच म्हणलो व्हतो." नव्हता म्हणाला, पण असू दे.

दुसऱ्या राऊंडला मात्र तिने लबाडी केली, दोरी कशी फिरते ते एकदाच बघून सरळ मधून कापून शेवटच्या पुलीपाशी जाऊन उभी. नियमाने माग धरण्याचे गुण जातात. तात्या म्हणाले गुण द्या, रानात दोन कुत्री असली की एक मागे लागायचं आणि एक आडवं जायचं, ह्यालाच डोकं म्हणतात. वाद मिटला नाही. आता फक्त पहिलाच राऊंड धरतो आणि दर वेळी पुलींची जागा बदलतो.

३० मार्च २०२५
एक शंका मला स्वतःलाच होती, हिरा वाढला फरशीवर आणि टिकली रोज कळपामागे मैलोन् मैल चालत. मग दोष बापाचा की माझ्या ओट्याचा? पार्व्होच्या भीतीने मीच त्यांना मातीवर सोडलं नव्हतं. पण मैना त्याच ओट्यावर वाढली आणि तिचा पंजा बरा आहे. हिराला तीन महिने मातीत ठेवला, रोज सकाळी ओढ्याच्या वाळूतून चालवला. पंजा बऱ्यापैकी आवळला. आज पहाटे साडेपाचला पळवला (नऊनंतर इथे कुत्रं पळवणं म्हणजे उष्माघात), ७१ आले. दम वाढला, वळण तेच. गादी वाळूत सुधारते, खांद्याचं हाड सुधारत नाही. नर मागायला आलेल्या तिघांना नाही म्हणून सांगितलं. तीस हजार सोडले, लिहून ठेवतो, पुढे कधी मोह झाला तर वाचायला.

२२ जून २०२५
टिकली अठरा महिन्यांची झाली, त्याआधी लावायची नाही असा नियम आहे. मालकाशी बोली झाली: खर्च सगळा माझा, वीण माझ्या घरी, दोन पिल्लं त्याला. नर आता असा बघायचा की आधी पळवायचा, मग टेप लावायची, फोटो सगळ्यात शेवटी. चार नर पळवले. पहिला दोनशे मीटरला रॉकेट, डोकं आणि पाठ बघून मला ग्रेहाऊंडचा वास आला, मालक शपथा घेत होता, सोडला. दुसऱ्याचा उत्साहच नाही, पिशवीकडे बघून माझ्याकडे बघितलं. तिसरा ८४, पण अंगावर हात ठेवू देईना, असलं कुत्रं रिंगमध्ये जजला चावणार. चौथा तो जतचा, फाटक्या कानाचा, २०२३ ला सोडलेला. आता सहा वर्षांचा. ८३. साडेसत्तावीस इंच, खांदा पडता, पंजा बंद, दात पूर्ण. कान सोडला तर शोमध्ये काढायला दोषच नाही. फी विचारली तर एक पिल्लू म्हणाला.

६ ऑक्टोबर २०२५
टिकली २० सप्टेंबरला माजावर आली. लावायच्या आधी गोचीड तापाची तपासणी केली, थोडक्यात वाचलो म्हणायचं कारण निगेटिव्ह होती, पॉझिटिव्ह असती तर चार आठवडे डॉक्सी (अँटिबायोटिक) आणि हा माज वाया. बीज २ तारखेला सुटलं, ४ आणि आज लावली. दिवाळीनंतर कळप कृष्णेकडे निघणार, टिकली तेवढी माझ्याकडे राहणार. पहिले दोन दिवस ती फाटकापाशी बसून होती, जेवली नाही, मालकाने फोनवरून शीळ घातली तेव्हा भाकरी-दूध खाल्लं.

४ डिसेंबर २०२५
पाच पिल्लं, पाचही जिवंत. दोघांच्या छातीवर पांढरा ठिपका. या वेळी चपला फाटकाबाहेर, ब्लीचची घमेली दारात, गिऱ्हाईकाला पिल्लू व्हिडिओवरच. पहिल्या आठवड्यानंतर पेटीतली गोणपाटं काढून मातीचा कोपरा करणार, वर्षभर तिथे कुत्रं फिरकलेलं नाही अशी जागा बघून.

१ फेब्रुवारी २०२६
आठ आठवडे झाले. पाचपैकी दोन टिकलीच्या मालकाची, एक जतला, दोन माझी. आणि मुख्य अडचण तीच, आठव्या आठवड्याला कोण पळणार हे मला कळत नाही हे सिद्ध झालंय, आणि पाचही वर्षभर सांभाळायची ऐपत नाही. म्हणून नवी पद्धत: पिल्लू बाहेर जाईल त्याच्यावर तीन हजार अनामत, बाराव्या महिन्यानंतर माझ्या माळावर एकदा पळवायला आणलं की परत. माझ्या दोनपैकी एक या बोलीवर पंढरपूरला गेलं. जतवाल्याने अनामत द्यायला साफ नकार दिला, "पिल्लू माझं, पैसे कसले", पण येतो म्हणाला.

निवड करायची म्हणून या वेळी मी पण पेटीसमोर उकिडवा बसलो, काठीला चिंधी बांधून. कितीही फिरवली तरी पाचही नुसती मागे मागे. सहाव्या का सातव्या फेरीला एक बारकी मादी मध्येच थांबली, माझ्या मनगटाकडे बघितलं आणि चिंधी पोचायच्या आत पलीकडे जाऊन बसली. तिची शेपटी जरा वाकडी आहे, रिंगमध्ये गुण जाणार. ठेवलीये.